टॅली : कीर्द ते ताळेबंद

टॅली : व्यवसायाचा जमाखर्च ठेवण्याची भारतीय बनावटीची संगणकप्रणाली. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना माल पुरवत. त्यांना हवी तशी हिशेबप्रणाली बाजारात मिळेना, तेव्हा मुलगा भरत याने ती स्वतःच लिहिली. १९८६ साली ‘प्यूट्रॉनिक्स’ ही कंपनी उभी राहिली. १९९९ मध्ये तिचे नाव ‘टॅली सोल्युशन्स’ झाले. मुख्यालय बंगळुरूला आहे. डॉसवर सुरू झालेल्या या प्रणालीची ‘ईआरपी ९’ ही आवृत्ती २००९ मध्ये आणि ‘टॅलीप्राइम’ २०२० मध्ये आली. त्याच वर्षी भरत गोएंका यांना पद्मश्री जाहीर झाली.

रचना जुन्या मुनीमजींनाही ओळखीची वाटावी अशी आहे. हातवहीत आधी कीर्द, मग खतावणी, मग तेरीज असे तेच आकडे पुन्हा पुन्हा उतरवावे लागत. येथे व्हाउचर एकदाच भरायचे, पुढची वाटणी प्रणाली करते. रोख दिली तर एफ५, आली तर एफ६, विक्री एफ८, खरेदी एफ९. सरावलेल्या हिशेबनिसाला माउस लागत नाही.

पुण्याच्या रंगविक्रेत्याने नाशिकच्या गिऱ्हाइकाला एक लाखाचा माल उधारीवर दिला, असे समजा. १८ टक्के जीएसटी धरून गिऱ्हाइकाच्या नावे १,१८,००० पडतात. विक्रीखाती एक लाख आणि केंद्र व राज्य करांच्या खाती प्रत्येकी ९,००० जमा होतात. हाच माल बेळगावला गेला, तर राज्य बदलल्यामुळे १८,००० रुपयांचा एकच आयजीएसटी लागतो.

खरी मेहनत असते ती खाती लावण्यात. प्रत्येक खाते कोणत्या तरी गटात बसवावे लागते, आणि असे २८ गट प्रणालीत तयारच असतात. दुकानासाठी घेतलेले रंग मिसळण्याचे यंत्र ‘फिक्स्ड अॅसेट्स’ऐवजी खर्चाच्या गटात गेले, तरी तेरीज पैशापैशाने जुळते, नफा मात्र तेवढा कमी दिसतो. ही चूक प्रणाली सांगत नाही, सीए पकडतो.

बँकेचा मेळ घालताना वेगळीच गंमत होते. वहीत ८४,००० शिल्लक, बँकेच्या उताऱ्यात ८३,७६४. फरक २३६ रुपयांचा : बँकेने कापलेले २०० रुपये शुल्क आणि त्यावरचा ३६ रुपये जीएसटी. ही नोंद केली, की मेळ बसतो.

जुने व्हाउचर उघडून आकडा फिरवण्याच्या सवयीला अलीकडे चाप बसला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक आहे. ती बंद करता येता कामा नये. टॅलीत या सोयीला ‘एडिट लॉग’ म्हणतात. एकट्या मालकीच्या दुकानाला हा नियम लागू नाही. कंपन्यांना मात्र हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात, आणि ती संगणकावर असतील तर त्यांची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी लागते.