सौर इन्व्हर्टर, घरगुती : वायरिंग व अर्थिंग

महावितरणच्या तारांवर अवलंबून नसलेल्या घरात सौर पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांची आपसांतली जोडणी व त्या संचाचा जमिनीशी केलेला संबंध. अशा संचाला ऑफ-ग्रिड म्हणतात. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे परिसरासारख्या कोरडवाहू मुलखात त्याची खरी जागा शेतातली वस्ती. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीपंपांचा वेगळा. शेतात राहणाऱ्याला पंपाच्या वेळापत्रकाप्रमाणे लाईट मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान (३ किलोवॉट व पुढे कमाल ७८,००० रुपये) ग्रिडला जोडलेल्या संचासाठी आहे. तसला बॅटरीविना संच लाईट गेली की मुद्दाम बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला त्यातून झटका बसेल. म्हणजे भारनियमनात त्याचा उपयोग नाही.

बॅटरीकडची बाजू : १२ व्होल्ट ऐकायला निरुपद्रवी वाटतात. पण १,००० वॉटचा भार २३० व्होल्टवर साडेचार अँपियरच्या आत घेतो, तोच भार १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमधली घट धरून सुमारे १०० अँपियर ओढतो. बॅटरी आणि इन्व्हर्टर २ मीटर अंतरावर असतील, तर जाऊन-येऊन तार ४ मीटर होते. ती १० चौरस मिमी तांब्याची असेल तर ०.७ व्होल्ट वाटेतच जातात आणि ७० वॉट तार तापवण्यात खर्च होतात. ३५ चौरस मिमीची असेल तर घट ०.२ व्होल्टवर येते. ‘बॅटरी नवीन आहे, तरी मिक्सर लावला की इन्व्हर्टर बोंबलतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा ही बारीक तार किंवा पक्कडीने दाबलेला ढिला लग असतो. बॅटरीला दोष देण्याआधी भार चालू असताना लगाला मल्टिमीटर लावून पाहावे. भार १ किलोवॉटच्या पुढे जाणार असेल तर २४ किंवा ४८ व्होल्टचा संच घेणे शहाणपणाचे, कारण प्रवाह त्याच प्रमाणात निम्मा, पाव होतो.

बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज हवा. शॉर्ट झालेली १५० अँपियर-तासाची ट्युब्युलर बॅटरी हजाराच्या पुढे अँपियर देऊ शकते. त्यात पाना वितळतो. घरातला नेहमीचा एमसीबी इथे चालत नाही. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना उठलेली ठिणगी विझते. डीसीला असा शून्य नाही, म्हणून डीसीचाच एमसीबी घ्यावा. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट क्रम.

न्यूट्रल आणि अर्थिंग : सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो. महावितरणच्या पुरवठ्यात न्यूट्रल डीपीपाशी जमिनीला जोडलेला असतो. निव्वळ ऑफ-ग्रिड घरात डीपी नाही, आणि बहुतेक इन्व्हर्टरचे आउटपुट अधांतरी असते, जमिनीशी त्याचे काहीच नाते नसते. अशा बोर्डात टेस्टर घातला की पुष्कळदा दोन्ही छिद्रांत मंद लाल दिवा लागतो आणि ‘दोन्हीकडे फेज आहे’ असा निष्कर्ष निघतो. मल्टिमीटर दोन्ही टोकांवर जमिनीच्या मानाने निम्मेशिम्मे व्होल्ट दाखवतो. अशा घरात दहा फूट खोल अर्थिंग केले तरी एकही सुरक्षा-साधन त्यामुळे जागे होत नाही, कारण गळणाऱ्या प्रवाहाला इन्व्हर्टरकडे परतायला वाट नाही. पहिला दोष मुकाट्याने पचतो. दुसऱ्या तारेवर दुसरा दोष झाला की माणूस मधे सापडतो.

उपाय असा : इन्व्हर्टरच्या आउटपुटवर न्यूट्रल आणि अर्थिंगची तार एकाच ठिकाणी जोडायची, आणि तीही आरसीसीबीच्या (गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) अलीकडे, म्हणजे इन्व्हर्टरच्या बाजूला. पलीकडे जोडली तर गळालेला प्रवाह आरसीसीबीतूनच परततो, त्याला गळती दिसत नाही आणि तो पडतच नाही. प्रत्येक सॉकेटमागे न्यूट्रल-अर्थ जोडणारा तुकडा टाकणे हा तर सरळ घातपात आहे : न्यूट्रल मधेच तुटला की कूलरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी अशा घरात ऐच्छिक मानू नये. छोटा इन्व्हर्टर दोषाच्या वेळी आपल्या क्षमतेच्या फार तर दोन-तीन पट प्रवाह क्षणभर देतो. तेवढ्याने १६ अँपियरचा एमसीबी हलत नाही.

या नियमाला दोन अपवाद आहेत. काही स्वस्त, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरांत न्यूट्रल जमिनीला जोडला की यंत्रच जळते. त्यामुळे पुस्तिका वाचल्याशिवाय ही जोडणी करू नये. दुसरा, महावितरणची लाईनही त्याच इन्व्हर्टरच्या इनपुटला येत असेल, तर घरात कायमची दुसरी जोडणी नको, कारण डीपीची आहेच. तिथे लाईट गेल्यावरच न्यूट्रल अर्थला जोडणारा रिले असलेला इन्व्हर्टर घ्यावा.

जमीन : अर्थिंगच्या भारतीय मानकात (आयएस ३०४३) पाइप इलेक्ट्रोड किमान ३८ मिमी आतील व्यासाचा व २.५ मीटर लांब सांगितला आहे. काळी माती ओली असताना वीज चांगली नेते, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, ती पाइपापासून सुटते आणि रोध चढतो. त्याखाली मुरूम आणि बेसाल्टचा खडक. तो लवकर लागला तर एकाच खोल पाइपाऐवजी दोन पाइप लांबीच्या दुप्पट अंतरावर ठोकून जोडावेत. मीठ-कोळसा भरण्याची जुनी रीत रोध उतरवते, पण मीठ जीआय पाइपही खाते. बेंटोनाइट जास्त टिकते. न्हाणीचे सांडपाणी जिथे मुरते ती जागा उत्तम. रोध ५ ओहमच्या आत ठेवण्याची रीत आहे, आणि तो मोजायचा तर मे महिन्यात. पावसाळ्यातला आकडा सगळ्यांचाच चांगला येतो.

पॅनेलची चौकट : ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज नेत नाही. तार नुसती बोल्टखाली अडकवली तर जोडणी दिसते, होत नाही. थर फोडणारा दातेरी वॉशर लागतो. उघडे तांबे ॲल्युमिनियमला टेकले की पावसाळ्यात सांधा सडतो, म्हणून कथिल चढवलेला लग वापरतात. सरकारी रूफटॉप कामांत एसी, डीसी आणि लायटनिंग अरेस्टर असे तीन खड्डे घेतात. ते वेगळे असले तरी जमिनीखाली एकमेकांना जोडलेले हवेत, नाहीतर वळवाच्या वेळी शिवारात वीज पडली की दोन खड्ड्यांमधल्या दाबाचा फरक इन्व्हर्टरच्या कार्डावर निघतो.

तपासणी : आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे, हा समज चूक आहे. ते बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्येच प्रवाह वळवते. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी ते पास होते. जाणत्या वायरमनने सॉकेटच्या फेज व अर्थ पिनांमध्ये १५ वॉटचा साधा बल्ब धरावा. सुमारे ६५ मिलिअँपियर वाहून आरसीसीबी तत्क्षणी पडला पाहिजे. बल्ब पेटून राहिला तर आरसीसीबी निकामी आहे, बोर्डात लागलेलाच नाही किंवा न्यूट्रल-अर्थची जोडणी त्याच्या पलीकडे झाली आहे. पेटलाच नाही आणि काही पडलेही नाही, तर न्यूट्रल-अर्थची ती एक जोडणी राहून गेली आहे किंवा अर्थिंगची तार कुठेतरी तुटली आहे.