गोव्याची वाट : तर की बोगदा

कोल्हापुरातील ज्या घराण्यांची कुलदैवते गोमंतकात आहेत, त्या घरांत मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला जाण्याचा बेत निघाला, की मुहूर्त कोणता, पूजेचे साहित्य काय आणि बरोबर कोणाकोणाला घ्यायचे, याचा विचार होण्याच्याही आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागे. आणि तो प्रश्न म्हणजे जायचे ते मोटारीने, नद्यांवरच्या तरीने म्हणजे नावेने, की आगगाडीने, घाटातल्या बोगद्यातून. आज सकाळी घर सोडून दुपारच्या जेवणाला पणजी गाठणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे गांभीर्य जाणवणे कठीण आहे. परंतु १९ डिसेंबर १९६१ या दिवसापर्यंत गोवा हा परमुलूख होता, तेथे पोर्तुगिजांचा अंमल होता, तेथील नाणे निराळे, जकात निराळी आणि कायदाही निराळा होता. म्हणून कुलदेवतेच्या दर्शनाला निघालेले कोल्हापूरचे कुटुंब वस्तुतः परदेशगमनच करीत असे, आणि त्या परदेशाचे दार कोणत्या बाजूने उघडायचे, हा निर्णय थोरामोठ्यांच्या संमतीने घेण्याइतका महत्त्वाचा होता.

कोल्हापूर आणि गोमंतक यांचा संबंध केवळ देवदर्शनाचा नव्हता. मालवण आणि सिंधुदुर्ग हे करवीर छत्रपतींच्या ताब्यातून १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे गेले, तोवर या दरबाराची दृष्टी सह्याद्रीच्या पायथ्याशी न थांबता थेट समुद्रापर्यंत पोहोचत असे. पुढे समुद्र हातचा गेला तरी माणसांची ये-जा थांबली नाही. शाहू महाराजांच्या काळी करवीर हे गायनाचे मोठे पीठ बनले, अल्लादिया खाँसाहेब दरबारच्या आश्रयाला आले, आणि गोमंतकातील केरी गावची केसरबाई वयाच्या आठव्या वर्षीच याच नगरीत येऊन अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकली. घाटावरची माणसे देवासाठी खाली उतरत आणि खालची माणसे विद्येसाठी वर चढत, असा हा परस्परसंबंध होता, आणि तो तरीच्या व बोगद्याच्या दोन वाटांनी चालत असे.

आधी तरीची वाट पाहू, कारण तीच जुनी. मोटार बाळगणारी घरे त्या काळी थोडी. सरदार, डॉक्टर, वकील, गुळाचे अडते अशांपैकी कोणाकडे ती असे, आणि इतर लोक दोन-तीन कुटुंबांत मिळून एखादी भाड्याने ठरवीत. कोल्हापुरातून निघालेली मोटार कागल जहागिरीतून जाई, मग निपाणी या खालसा मुलखातील पेठेत शिरे, तेथून इचलकरंजी जहागिरीच्या आजरे महालातून आंबोलीला पोहोचे आणि वेंगुर्ले बंदराला बेळगावशी जोडण्यासाठी इंग्रजांनी बांधलेल्या घाटाने सावंतवाडी संस्थानात उतरे. एका दिवसाच्या प्रवासात इतक्या हद्दी ओलांडूनही प्रवाशाला आपण कोठे परक्या राज्यात शिरलो असे वाटत नसे, कारण भाषा तीच, देव तेच आणि सोयरसंबंधही त्याच घरांशी जडलेले. बांदा मागे पडून पत्रादेवीचा नाका आला म्हणजे मात्र राज्य बदलले हे मुकाट्याने मान्य करावे लागे. तेथे सामानाची झडती होई, कागदपत्रे पाहिली जात, आणि पुढे पेडणे महालात शिरल्यावर शापोरा नदी कोलवाळला व मांडवी बेतीला आडवी येई.

या दोन नद्यांवरील तरी म्हणजेच त्या प्रवासाचे मर्म होते. कोल्हापूरच्या माणसाला नदी काही नवीन नव्हती. पंचगंगेला पूर आला म्हणजे गुऱ्हाळातील काहील पाण्यात सोडून तीत बसून पैलतीर गाठणारी माणसे त्याने पाहिलेली असत, आणि ब्रह्मपुरीजवळचा शिवाजी पूल १८७० नंतरच्या दशकात बांधला जाईपर्यंत शहरालाही नावेवाचून पश्चिमेकडची वाट मोकळी नव्हती. परंतु मांडवीचे पात्र निराळे. तेथे पाणी गोडे नव्हे, ओहोटी-भरतीच्या नियमाने वाहणारे. वारा समुद्रावरून येणारा. आणि आपली मोटार, जी रस्त्यावर एवढी दिमाखदार दिसे, ती जंगारावर चढविल्यावर दोन फळ्यांच्या आधाराने उभी राहिलेली एक परावलंबी वस्तू होऊन जाई. जोडलेल्या होड्यांवर फळ्या ठोकून केलेल्या जंगारावर मोटार चढवायची, तिच्या चाकांना दगड लावायचे, बायकामुलांनी खाली उतरून उभे राहायचे, आणि वल्ही किंवा दोर यांच्या बळावर नाव पलीकडे न्यायची, हा तेव्हाचा प्रकार होता. पुढे तेलाच्या इंजिनांवर चालणाऱ्या लाँचा आल्या, आणि गोमंतकातील म्हातारी माणसे त्यांना अजूनही गॅझोलीन म्हणूनच ओळखतात.

तर ही केवळ प्रवासाची सोय नव्हती, ती एक वहिवाट होती. देशावर नावाड्याला गावकरी सुगीच्या वेळी धान्य देत आणि वर्षभर त्याच्या नावेतून विनामोबदला जात. तोच नावाडी परगावच्या उतारूकडून मात्र रोख पैसे घेई. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींविषयी कायदा झाला, सरकारी तरींचे मक्ते दिले जाऊ लागले, दर ठरले. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या माणसांचा परस्परांवरील विश्वास हाच त्या व्यवहाराचा खरा पाया राहिला. पाणी केव्हा चढेल, कोणत्या महिन्यात वाळूचा दांडा कोठे सरकतो, मोटार कोणत्या बाजूने चढवली असता नाव कलंडणार नाही, हे सारे ज्ञान दप्तरात कोठेही लिहिलेले नव्हते. ते बापाकडून मुलाला मिळे. आपल्या इतिहासकारांनी किल्ल्यांवर आणि तहांवर जितके लिहिले त्याचा शतांशही या माणसांवर लिहिला नाही, ही मला फार मोठी उणीव वाटते. १६८३ साली संभाजी महाराजांनी जुवे बेटावर चाल केली, तेव्हा खाडीच्या भरतीत त्यांना वाचविणाऱ्या खंडो बल्लाळांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या खाडीचे पाणी ओळखणाऱ्या नावाड्यांची नावे मात्र कोणालाही ठाऊक नाहीत.

बोगद्याची वाट याच्या उलट सर्वस्वी दप्तरातून जन्मली. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला; त्यान्वये गोव्याची जकात आणि मिठाचा मक्ता यांचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगिजांना दरसाल चार लक्ष रुपये मिळावयाचे ठरले. याच तहातून मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून इंग्रजी मुलखापर्यंत जाणाऱ्या लोहमार्गाची योजना पुढे आली. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना धान्य पोहोचविण्याचे साधन किती अपुरे आहे हे दाखवून दिले होते, आणि सदर्न मराठा रेल्वे त्याच अनुभवातून उभी राहिली. गोव्याच्या बाजूचे काम लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीने केले. तिला भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगालने दिली होती, आणि त्या गरीब राज्याला पुढे अनेक वर्षे तिचा भार सोसावा लागला. १८८७ च्या आरंभी मुरगाव ते सावर्डे आणि १८८८ च्या फेब्रुवारीत सरहद्दीपर्यंत गाडी धावू लागली. कुळे ते कॅसलरॉक या घाटाला पोर्तुगालच्या राजवंशाचे नाव देण्यात आले, तो ब्रागांझा घाट. एकामागून एक येणारे बोगदे, त्यांच्या मधोमध दूधसागराचा हजार फुटांहून उंच प्रपात, आणि गाडीच्या खिडकीपर्यंत उडणारे तुषार, असे त्याचे स्वरूप आजही आहे.

या मार्गाने तिनई आणि राम घाटांतून बैलांच्या पाठीवर मीठ वाहणारे तांडे उद्ध्वस्त केले, गोव्यातील मिठागरवाल्यांना हलाखीत लोटले, आणि ज्या तहातून तो निपजला तो तह मात्र १८९२ मध्ये संपुष्टात आला. तह गेला, बोगदे राहिले. त्याच काळात इकडे कोल्हापूर दरबारही जागा झाला होता. १८८८ च्या मे महिन्यात, अद्याप राज्याधिकार हाती न आलेल्या बालवयीन शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर–मिरज लोहमार्गाच्या कामाचा प्रारंभ झाला आणि १८९१ च्या एप्रिलमध्ये पहिली गाडी सुटली. आता कोल्हापूरच्या माणसाला आपल्या गावच्या स्टेशनावर बसून, मिरजेस आणि लोंढ्यास गाडी बदलून, थेट अरबी समुद्राच्या काठी मुरगावला उतरता येऊ लागले.

येथे एका विलक्षण विसंगतीकडे लक्ष वेधणे भाग आहे. ज्या वर्षांत इंग्रज मुत्सद्दी पोर्तुगिजांच्या मुलखात बोगद्यांनिशी घुसण्याची तजवीज करीत होते, त्याच वर्षांत, म्हणजे १८८१–८२ मध्ये, स्वतःच्या देशात मात्र त्यांनी बोगद्याची दहशत घेतली होती. डोव्हरजवळ एडवर्ड वॉटकिन याच्या कंपनीने समुद्राखालून फ्रान्सकडे खणण्यास आरंभ केला असता, शत्रूचे सैन्य या भुयारातून घरात शिरेल असा आक्रोश सेनापती वुल्स्लीप्रभृतींनी केला, आणि सरकारी हुकमाने ते काम थांबविण्यात आले. समुद्राखालचा बोगदा प्रत्यक्ष खुला व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. आज इंग्लंडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुट्टीत मोटार घेऊन युरोपात निघतात, तेव्हा डोव्हरहून दीड तासाच्या बोटीने जायचे की फोकस्टनला गाडीवर मोटार चढवून पस्तीस मिनिटांत कॅले गाठायचे, हाच प्रश्न त्यांच्यापुढे येतो. कोल्हापूरच्या आजोबांनी सोडविलेले कोडे नातवंडांपुढे परत उभे राहिले आहे, एवढेच.

आजोबांनी ते कसे सोडविले? माझ्या समजुतीप्रमाणे ऋतूने आणि माणसांनी. पावसाळ्यात तरीचे नाव काढण्यात अर्थ नव्हता; मांडवीवर मोठी भरती आणि वादळी वारा असला म्हणजे तर तासन्‌तास बंद राही, तर घाटातील गाडी मुसळधार पावसातही चाले. संधिवाताने गांजलेले आजोबा किंवा तान्हे मूल बरोबर असले, तर गाडीच बरी. बाकावर पथारी टाकून निजता येई. सामान अधिक असले तरीही गाडीच. परंतु गाडीने मडगावला उतरल्यावर फोंडे महालातील देवस्थानांकडे जायचे तर जुवारी नदी ओलांडावीच लागे, म्हणजे बोगद्याने वाचविलेली नाव शेवटी गाठ घालीच. शिवाय कॅसलरॉक आणि कुळे या दोन स्टेशनांवर दोन सरकारांच्या झडत्या होत, आणि मुंबई राज्यात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाल्यावर तर परतीच्या प्रवासातली झडती अतिशय कडक झाली. परदेशी घड्याळे, अत्तरे आणि रेशमी कापड यांच्याइतकाच बाटल्यांचाही शोध घेतला जाई. हिवाळ्यात मात्र ज्याच्याजवळ मोटार असे, तो आंबोलीचाच रस्ता धरी. मोकळ्या हवेत नदीवर उभे राहणे, मुलांना पलीकडचा काठ जवळ येताना दिसणे, नावाड्याशी दोन शब्द बोलणे, यांत प्रवासाचे जे समाधान आहे ते अंधाऱ्या भुयारात नाही. आणि दोन्ही बाजूंचा विचार करूनही माझे मत तरीकडेच झुकते.

पुढे राजकारणाने दोन्ही वाटा अडविल्या. १९५४ पासून गोव्याच्या ये-जा व्यवहारावर निर्बंध वाढत गेले. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रह्यांसह आत शिरले, आणि १५ ऑगस्टला तर चहूबाजूंनी सत्याग्रह्यांच्या तुकड्या सरहद्दीवर चालून गेल्या. ज्या पत्रादेवीच्या नाक्यावर कोल्हापूरकरांच्या ट्रंका उघडल्या जात, त्याच नाक्यावर पोर्तुगिजांच्या गोळीने पंजाबचा कर्नैलसिंग हुतात्मा झाला. त्यानंतर गाडी बंद पडली, बोगदे ओस पडले. दोन सरकारांच्या करारावर उभे राहिलेले साधन करार बिघडताच एका हुकमाने थांबले, आणि कुलदेवतेच्या दर्शनाला आसुसलेली घरे सहा वर्षे सरहद्दीच्या अलीकडे अडकून पडली. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्य बेतीला येऊन ठेपले, तेव्हा त्यालाही समोर पणजीचे दिवे दिसत असताना रात्र या काठावर काढावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीच्या पाण्यावरूनच पलीकडे जावे लागले.

मुक्तीनंतर पूल झाले. मांडवीवरील पहिला पूल सत्तरच्या सुमारास उभा राहिला आणि बेतीची तर मागे पडली. परंतु ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला, आणि ऐन पावसाळ्यात सबंध उत्तर गोव्याची वाहतूक फेरीबोटींच्या खांद्यावर येऊन पडली. नवा पूल १९९२ मध्ये झाला, तोवर कोल्हापूरहून जाणारे प्रवासी पुनश्च बेतीच्या धक्क्यावर रांगेत उभे राहत, आणि ज्यांनी लहानपणी जंगार पाहिला होता अशी माणसे मुलांना तो कसा असे हे समजावून सांगत. रायबंदरहून चोडणला, जुन्या गोव्याहून दिवाडीला आणि केरीहून तेरेखोलला फेरी आजही चालते. कोल्हापूरला वैभववाडीशी जोडणारा, घाटातून बोगद्यांनी उतरणारा लोहमार्ग मात्र वर्षानुवर्षे कागदावर आहे. तो व्हावा, लवकर व्हावा, असेच मी म्हणेन, कारण पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात दरड कोसळून वाट बंद होते तेव्हा कोकणातल्या रुग्णाला कोल्हापूरच्या दवाखान्यात पोहोचविणारे दुसरे साधन हवेच आहे. पण तो होईल तेव्हाही डिसेंबरात मोटारीने निघणाऱ्याने केरीच्या धक्क्यावर थोडे थांबून, तेरेखोलची फेरी घेऊन पलीकडे जाऊन यावे, अशी माझी शिफारस राहील.