शंकरपट : चाबूक गेला, घड्याळ आले

प्रतिनिधी, बदनापूर

फॉर्म्युला वनच्या शौकिनांत एक वाद वर्षानुवर्षे रंगतो. नियम बदलल्याने शर्यत सुधारली की बिघडली? जिंकतो तो चालक की त्याचे यंत्र? २०२६च्या हंगामापासून मोटारीची जवळपास निम्मी शक्ती विजेवर आणणारे नियम ठरले, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान वसलेल्या, कडधान्य संशोधन केंद्रामुळे शेतकऱ्यांना परिचित असलेल्या बदनापूरच्या परिसरात मोटारींचा ट्रॅक नाही. वाद मात्र हाच आहे. येथे त्याचा विषय आहे शंकरपट, म्हणजेच बैलजोड्यांची शर्यत.

बारा वर्षांचा न्यायालयीन लढा संपून २०२३ मध्ये या खेळाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. ते मिळाले नियमांच्या अटीवर. त्यामुळे नियमांची चर्चा आता केवळ पारावरच्या गप्पांपुरती उरलेली नाही. खेळ टिकणार की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.

एक खेळ, अनेक रीती

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीची एकच पद्धत नाही. मराठवाडा आणि विदर्भात तिला शंकरपट किंवा नुसतेच 'पट' म्हणतात. दोन बैलांची जोडी हलक्या छकडीला जुंपतात, धुरकरी छकडीवर उभा राहतो किंवा बसतो आणि काही शे मीटरचे अंतर जोडी काही सेकंदांत कापते. पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागांत चढाच्या धावपट्टीला 'घाट' म्हणतात. तेथील बैलगाड्याला चार बैल आणि त्यांच्या पुढे घोडी, अशी परंपरा आहे. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर अनेक गाड्या शेजारी शेजारी सुटतात.

जनावरेही प्रदेशागणिक बदलतात. पश्चिम महाराष्ट्रात चपळ खिलारचा मान मोठा. मराठवाड्याच्या स्वतःच्या जाती देवणी आणि लाल कंधारी, तर विदर्भाची गवळाऊ. सुगी आटोपली की पटांचा हंगाम सुरू होतो. नांगरट आणि पेरणी ट्रॅक्टरकडे गेल्यापासून अनेक घरांतील उमदी जोडी केवळ पटासाठीच सांभाळली जाते. खेळ बंद पडला तर ती जोडी दावणीला राहण्याचे कारणच उरत नाही, असा शौकिनांचा युक्तिवाद असतो.

छकडीतला बदल

शेतातली जुनी बैलगाडी म्हणजे लाकडी तुंबा, आरे आणि त्यांवर चढवलेली लोखंडी धाव. ती ओझे वाहण्यासाठी घडवलेली असते. शर्यतीची छकडी याच्या अगदी उलट. तिच्यात साटा नावापुरता, बाजूच्या फळ्या नाहीत, वजन शक्य तितके कमी. लाकडाच्या जागी पोकळ लोखंडी नळ्या वापरल्या आणि आखाला बेअरिंग बसवले की चाकाचे घर्षण घटते. तेवढा भार बैलाच्या खांद्यावरून उतरतो.

येथेच पहिला मतभेद. हलकी छकडी बैलाच्या हिताची आहे, यावर सहसा दुमत नसते. पण ज्याच्या गाठीला पैसा, त्याची छकडी अधिक हलकी. मग जिंकली ती जोडी की छकडी? सर्वांना सारख्या वजनाची छकडी, हा त्यावरचा सरळ उपाय. मोटारींच्या शर्यतीत हा प्रश्न किमान वजनाच्या अटीने सोडवला आहे. २०२४ मध्ये फॉर्म्युला वनची मोटार चालकासह ७९८ किलोपेक्षा हलकी असून चालत नसे.

सेकंदाच्या हिश्शाचा वाद

दुसरा बदल घड्याळाचा. पूर्वी पंच हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ धरीत. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा-दहावा भाग सहज निघून जातो. जोडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर एका सेकंदात ती सुमारे ११ मीटर धावते. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात मीटरभराहून अधिक अंतर पडते. पहिला आणि दुसरा क्रमांक याहून कमी फरकाने ठरत असेल, तर हाताच्या घड्याळाचा निकाल वादाला निमंत्रणच देतो.

सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या रेषेवर संवेदक बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळांनी हा तंटा बराच कमी केला. तरीही जुन्या शौकिनांची तक्रार उरतेच. आकड्यांची पाटी आली आणि पाहण्यातली गंमत गेली, असे ते म्हणतात. दोन जोड्या शेजारी धावताना डोळ्यांना दिसणारी सरशी एकट्या धावणाऱ्या जोडीच्या आकड्यात नसते. दुसरीकडे, जोडी एकटी सुटली की टक्कर होण्याचा धोका नसतो, हेही तितकेच खरे.

बंदी ते परवानगी

११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून प्रदर्शन आणि खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यती बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हा त्या निकालातील महत्त्वाचा मुद्दा होता.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचनेद्वारे सूट दिली, पण काही दिवसांतच तिला स्थगिती मिळाली. एप्रिल २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली आणि तिला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना हंगामी मुभा दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

नियम काय सांगतात?

राज्याच्या २०१७ च्या नियमांचा मुख्य भर बैलाच्या रक्षणावर आहे. त्यांतील ठळक तरतुदी अशा :

• शर्यतीसाठी जिल्हा प्रशासनाची पूर्वपरवानगी आणि आयोजकाची ५० हजार रुपयांची अनामत.

• धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नको. दगड, चिखल असलेल्या जागी किंवा रस्त्यावर शर्यत नको.

• बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, शर्यतीपूर्वी विश्रांती आणि एका बैलाला दिवसात तीनपेक्षा अधिक शर्यती नाहीत.

• चाबूक, काठी, टोचणी, विजेचा धक्का देणारे साधन यांना पूर्ण मनाई. शेपटी पिरगाळणे, मारणे हेही निषिद्ध.

• संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाकडे सादर करणे.

उल्लंघन झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

शौकिनांतील दोन पक्ष

सर्वाधिक चर्चा अर्थातच चाबकाची. एका पक्षाच्या मते, आसूड आणि पराणी हातातून गेल्यानेच खरा धुरकरी ओळखू येऊ लागला. आवाज, कासऱ्याची ओढ आणि महिनोन्महिन्यांचा सराव एवढ्यावर जोडी पळवायची, तर जनावराशी नाते जुळलेले असावे लागते. दुसरा पक्ष सुरक्षिततेकडे बोट दाखवतो. भरधाव जोडी बाजूला फाकली आणि गर्दीकडे वळली, तर नुसत्या आवाजाने ती आवरत नाही. काठी मारण्यासाठी नको, पण दिशा देण्यासाठी असावी, असे त्याचे म्हणणे. यावर धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना भक्कम कठडे आणि प्रेक्षकांना पुरेसे अंतर, हे उत्तर अधिक पटण्यासारखे आहे.

मुठीत लपणाऱ्या, विजेचा धक्का देणाऱ्या 'बॅटरी'बाबत मात्र दोन्ही पक्षांनी एका सुरात बोलायला हवे. तंत्रज्ञानाचा हा सर्वांत निंद्य वापर आहे. तो बैलाला छळतो आणि प्रामाणिक स्पर्धकालाही फसवतो. प्राणिमित्र संघटनांचा आक्षेप याहून मूलभूत आहे. बैल आनंदाने नव्हे, तर भीतीने धावतो आणि नियम कागदावरच राहतात, असे त्या सांगतात. या आक्षेपातला दुसरा भाग खोटा ठरवणे सर्वस्वी आयोजकांच्या हाती आहे.

मोटारींच्या ट्रॅकवरचा अनुभव

नियम आणि नवे तंत्र यांची ओढाताण कोणत्याही शर्यतीला चुकलेली नाही. १९७८ च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये ब्रॅबम संघाने मोटारीच्या मागे मोठा पंखा बसवून तिला जमिनीशी खिळवून ठेवले. निकी लाउडाने ती शर्यत जिंकली, पण ती मोटार पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. १९९४ पासून संगणकाने चालणारे सस्पेन्शन बंद झाले. चालकाचे कौशल्य झाकले जाते, हे त्याचे कारण. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्याभोवती 'हॅलो' हे संरक्षक कडे सक्तीचे झाले, तेव्हा मोटार कुरूप झाली म्हणून शौकिनांनी नाके मुरडली. २०२० मध्ये बहरीनच्या शर्यतीत रोमेन ग्रोजाँची मोटार कठड्यात घुसून पेटली आणि तो त्या कड्यामुळे वाचला. त्यानंतर ही टीका जवळपास विरली.

एक फरक मात्र विसरता येत नाही. मोटारीतला चालक स्वतःच्या इच्छेने धोका पत्करतो. बैलाला कोणी विचारत नाही. म्हणूनच शंकरपटातील नियमांचा पहिला हक्कदार बैल आहे. स्पर्धक आणि प्रेक्षक त्यानंतर.

पुढे काय?

२०२३ च्या निकालात घटनापीठाने कायद्याच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा दंडाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली आहे. नव्या तरतुदींमुळे जनावरांच्या वेदना मोठ्या प्रमाणात कमी होतात, या गृहीतावर तो निकाल उभा आहे. एखाद्या गावच्या पटात हे गृहीत उघडपणे मोडले गेले, तर त्याची झळ त्या गावापुरती राहणार नाही. घड्याळ सेकंदाचा हिस्सा मोजते, कॅमेरा धुरकऱ्याची मूठ टिपतो आणि पशुवैद्यक बैलाची दमछाक पाहतो. ही तिन्ही साधने आज उपलब्ध आहेत. ती प्रत्येक पटावर प्रामाणिकपणे वापरली जातात की नाही, यावरच शंकरपटाचे भवितव्य अवलंबून आहे.