‘गोगी’ची कुळकथा

जपानीत ‘गो’ म्हणजे शब्द आणि ‘गी’ म्हणजे अर्थ. या दोन अक्षरांवरून त्सुनेओ इमुरा या मनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली वाचाघाताच्या एका प्रकाराला नाव दिलं: गोगी. याचा रुग्ण अडखळत नाही, भरभर बोलतो. त्याचा सवयीचा हात कोणता, हे विचारताना ‘किकिते’ हा साधा शब्द वापरला, की तो शब्द जसाच्या तसा उच्चारतो आणि विचारतो, ‘किकिते म्हणजे काय?’ शब्द कानातून धड आत गेला, तोंडातून धड बाहेर आला. मधे त्याला कुणी ओळखलंच नाही.

ध्वनीचं घर त्याआधीच सापडलं होतं. १८७४मध्ये सव्वीस वर्षांच्या कार्ल वेर्निके या डॉक्टरने शब्दांच्या ध्वनिप्रतिमा मेंदूत डाव्या कानाच्या वरच्या, मागच्या अंगाला ठेवल्या. १८८५मध्ये लिख्टहाइम या डॉक्टरने मेंदूतल्या भाषेची आकृती काढताना अर्थासाठी वेगळं वर्तुळ काढलं, पण ते मेंदूत एकाच जागी आहे असं त्याचंही म्हणणं नव्हतं.

गोगी उघडकीला आला तो लिपीमुळे, असं मला ठामपणे वाटतं. जपानीत काना अक्षरं उच्चार सांगतात, कांजी चिन्हं अर्थ धरून असतात. रुग्ण काना बिनचूक वाचतो. पण दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, कांजीत लिहून दिले की ‘दान्शी’ वाचतो. दुसऱ्या चिन्हाचा एरवीचा उच्चार ‘शी’ असाही होतो. इथे तो ‘गो’ होतो, हे कळायला दांगो ठाऊक असावे लागतात. आणि तेच तर हरवलेले असतात.

१९७५मध्ये लंडनच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी असेच तीन रुग्ण बारकाईने तपासले. पुढे स्कॅनमध्ये दिसलं, की अशा रुग्णांत झिजतं ते कानशिलाच्या आतल्या भागाचं पुढचं टोक, बहुतेकदा डावीकडे जास्त. मागचं ध्वनीचं घर बराच काळ शाबूत राहतं.

आपली देवनागरी बरीचशी कानासारखी, उच्चार सांगणारी. त्यामुळे अर्थ गेलेला मराठी माणूसही पेपर घडाघडा वाचू शकेल, आणि घरच्यांना वाटेल, सगळं ठीक आहे. ‘चमचा’ खणखणीत वाचणाऱ्यापुढे चार वस्तू मांडून त्यातला चमचा उचलायला सांगावं लागतं.