ठिपक्यापासून स्फटिकापर्यंत

१९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणिक-लेसरचा ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा झोत क्वार्ट्झमधून पाठविला, तेव्हा पलीकडच्या छायापट्टीवर नेमक्या निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना अगोचर अशा जंबुपार प्रकाशाचा, एक अतिक्षीण ठिपका उमटला. आणि मौज अशी, की निबंध छापला जाताना तो ठिपका डाग समजून पुसला गेला, त्यामुळे छापील पानावर बाण तेवढा रुजू राहिला आणि त्याच्या टोकापाशी कोरा कागद.

क्षीणतेचे कारण लवकरच ध्यानी आले. मूळ तरंग आणि नवजात तरंग स्फटिकात भिन्न वेगाने धावतात व थोड्याच अंतरात एकमेकांशी फटकून वागू लागतात. परंतु द्विअपवर्तनी स्फटिक योग्य कोनात कापल्यास हे वेग जुळविता येतात, हे १९६२ मध्ये पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटावर सिद्ध झाले. मग नवे स्फटिक हुडकण्याची निकड लागली. एकेक संयुगाचा निर्दोष खडा वाढवून, तासून, अखेर तो कुचकामी ठरावा, ही उस्तवार १९६८ साली कुर्ट्झ आणि पेरी यांनी टाळली: पदार्थाची केवळ पूड करून तिच्यावर लेसर टाकावा, दुप्पट वारंवारतेचा प्रकाश क्वार्ट्झच्या पुडीशी ताडून पाहावा, आणि कण मोठे करीत जाताना तो वाढून स्थिरावतो की घटतो, यावरून वेग जुळण्याची आशा ठरवावी. माझ्या मते या शास्त्रातील हीच सर्वांत उपेक्षित कामगिरी होय.

चीनमधील फुजौ येथे चेन च्वांगथ्येन यांनी निराळा मार्ग धरला. ऋणायनांच्या रचनेवरून गणित मांडता मांडता त्यांची दृष्टी बोरॉन-ऑक्सिजनच्या सपाट षट्कोनी कड्यांवर स्थिरावली, आणि त्यांच्या चमूने १९८५ मध्ये जाहीर केलेला बीटा-बेरियम बोरेट सर्वत्र मान्यता पावला. पण तो वाढविणे जिकिरीचे. शुद्ध रस सुमारे १०९५ अंश सेल्सिअसला थिजतो, तेव्हा उच्चतापी रूप जन्मते आणि ते केंद्रसममित असल्यामुळे या कामी निरुपयोगी. हवे ते रूप सुमारे ९२५ अंशांखालीच टिकते. म्हणून सोडियम ऑक्साइड मिसळून द्रव त्याहून खाली पातळ राखावा लागतो, आणि बीजस्फटिक पृष्ठभागी टेकवून तापमान अत्यंत सावकाश उतरवावे लागते.

पुढे त्याच घराण्यातील पोटॅशियम बेरिलियम फ्लुओरोबोरेटाने १७७.३ नॅनोमीटरपर्यंत मजल मारली खरी. परंतु त्याचा बेरिलियम विषारी, आणि स्फटिक अभ्रकासारखा पापुद्र्यांचा, जाड न होणारा. हवा तो कोन त्यात कापता येईना, तेव्हा पातळ चकती दोन लोलकांच्या मध्ये दाबून झोत तिरपा आत घालण्याची युक्ती योजावी लागली.