एसीची कॉइल साफ करताना

मुंबईकराला घर उबदार ठेवण्याची गरज सहसा भासत नाही. भासते ती गारव्याची. त्यामुळे गिरगावातील चाळींपासून परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरपर्यंत आता सर्वत्र एसी दिसतो. त्याची जाळी अनेकजण नियमित धुतात. जाळीमागील कॉइलकडे मात्र दुर्लक्ष होते. ती साफ करणे अवघड नाही. पण घरी काय करावे आणि काय करू नये, हे आधी जाणून घ्यायला हवे.

स्प्लिट एसीला दोन कॉइल असतात. नळीचे वेटोळे आणि त्यावर दाटीने बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, अशी त्यांची रचना असते. आतील कॉइल खोलीतील उष्णता शोषते, बाहेरची ती हवेत सोडते. आतली कॉइल ओलसर असल्याने तिच्यावर धूळ चिकटून बुरशी धरते. बाहेरच्या कॉइलवर रस्त्यावरची आणि बांधकामांची धूळ बसते. गिरगाव चौपाटी, शिवाजी पार्क अशा किनाऱ्यालगतच्या भागांत खाऱ्या वाऱ्याने धातू गंजतोही. हा थर वाढला की गारवा कमी होतो, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि विजेचे बिल वाढते.

सफाईची सुरुवात वीज तोडण्यापासून करावी. रिमोटने एसी बंद करणे पुरेसे नाही. एमसीबी खाली करावा. त्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो. म्हणून विद्युत भागांचे झाकण घरी कधीही उघडू नये.

जाळी काढून साध्या पाण्याने धुवावी व सावलीत वाळवावी. पट्ट्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालावेत. मऊ ब्रश पट्ट्यांच्या रेषेत, वरून खाली फिरवावा. आडवा फिरवल्यास पट्ट्या वाकतात. कॉइल क्लीनर वापरायचा असेल तर बाटलीवरील सूचना पाळून, खिडक्या उघड्या ठेवून, विद्युत भागांवर थेंब उडणार नाही अशा बेताने फवारावा. शौचालयाचे अॅसिड किंवा ब्लीच वापरू नये. दोन्ही धातू खातात आणि एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. सर्व भाग पूर्ण वाळल्यावरच वीज सुरू करावी.

नळीच्या सांध्यापाशी तेलकट डाग दिसल्यास काम थांबवावे. ते गॅसगळतीचे लक्षण असू शकते. आज अनेक यंत्रांत वापरला जाणारा आर-३२ हा वायू काही प्रमाणात ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. अशा वेळी जवळपास ज्योत पेटवू नये. शिवाय एसीतील गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल, तर नवा भरण्याआधी गळती शोधून बुजवून घ्यावी.

बाहेरच्या यंत्राला मात्र, ते गॅलरीत सहज हाताशी नसेल तर, घरच्यांनी हात लावू नये. जुन्या इमारतीचा छज्जा वरून भक्कम दिसला तरी त्यातील लोखंड गंजलेले असू शकते. हे काम प्रशिक्षित कारागिराचे. त्याच्याकडेही सुरक्षा पट्टा असावा आणि तो इमारतीच्या भक्कम भागाला अडकवलेला असावा. खिडकीच्या गजाला नव्हे. ‘पाच मिनिटांचे तर काम’ म्हणत तो पट्ट्याविना बाहेर पाय टाकू लागला, तर त्याला थांबवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. एसी आणखी चार दिवस बंद राहिला तर काही बिघडत नाही.