शिर तेवढे आपले

श्रावण लागला की बंगळूरच्या चिकपेठेतील सराफांकडे देवीचे चांदीचे मुखवटे मांडलेले दिसतात. पौर्णिमेपूर्वीच्या शुक्रवारी येथे वरमहालक्ष्मीचे व्रत असते. कलशावर नारळ, नारळाला हा मुखवटा आणि कलशाभोवती नेसवलेली साडी. ते पाहून आम्हां परप्रांतस्थ मराठी मंडळींस भाद्रपदातील गौरी आठवल्यावाचून राहत नाहीत. तेथेही महत्त्व मुखाचेच. धड म्हणून कोठे तांब्या, कोठे मडक्यांची उतरंड, मराठवाड्यात व विदर्भात धान्याची कोठी, आणि बदलीच्या नोकरीत जे हाती लागेल ते! अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळावर विसर्जन झाले की धड मोडते. शिर मात्र कापसात गुंडाळून पेटीत जाते व पुढच्या बदलीच्या गावी निघते.

छोट्या प्रतिकृतींचे छंदिष्ट हल्ली १:३५ प्रमाणाच्या सैनिकांना रेझिनची सुटी शिरे विकत आणून बसवितात. सुट्या शिराची ही हौस आपल्याकडे पुष्कळच जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मातीची एक पेटी सापडली. पेटीत शिर असलेली स्त्रीमूर्ती, पेटीवर शिर नसलेली दुसरी, आणि सोबत एक बैल. शिरहीन मूर्तीच्या पोटास छिद्र, बैलाच्या पाठीस छिद्र. दोहोंत काडी घातली की देवी बैलावर आरूढ होते! तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा सांधा आजच्या कारागिरासही ओळखीचा वाटेल.

पुढे बदामीच्या संग्रहालयातील लज्जागौरीच्या धडावर शिराच्या जागी कमळ दिसते, तर माहूरगडावर रेणुकेचे केवळ मुखच पूजिले जाते. एकीकडे शिराविण धड, दुसरीकडे धडाविण शिर. दक्षिणेत रेणुकेची जी कथा सांगतात तीत परशुरामाने मातेस जिवंत करताना तिचे शिर दुसऱ्याच स्त्रीच्या धडावर बसले. सौंदत्तीच्या यल्लम्माला महाराष्ट्रातून व कर्नाटकातून सारख्याच भक्तीने जाणाऱ्या यात्रेकरूंत भाषेची सीमा कोणी विचारीत नाही. आमच्या कचेऱ्यांतून मात्र ती पदोपदी विचारली जाते. असो.

प्रश्न आहे तो द्रव्याचा. पितळी मुखवटा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. शाडूचा प्रवासात नाकाशी किंवा कानाशी टवका उडून भंगतो, आणि भंगलेले पूजेत ठेवीत नाहीत. यावर तोडगा म्हणून ज्यांस बाजारात ‘फायबरचे’ म्हणतात ते मुखवटे आले. रबरी साच्यात रेझिन व ते घट्ट करणारे द्रव्य ओतले की मिश्रण आपोआप तापते आणि थोड्याच वेळात शिर तयार होते. हलके, धुता येणारे, आगगाडीच्या धक्क्यास दाद न देणारे. साचा शाडूच्या मुखवट्यासही असतो, हे खरे. परंतु डोळे रेखणाऱ्याचा हात तेथे प्रत्येक जोडीस निराळा भाव देई. रेझिनच्या बहुतेक जोड्या आम्हांस एकाच प्रसन्नतेने हसताना दिसतात, आणि सोय मान्य करूनही ते हसू आम्हांस परके वाटते.

तरीही निवड सोपी नाही. आमच्या परिचयाच्या एका बिऱ्हाडी मागील तीन बदल्यांत शाडूची कनिष्ठा भंगली, ज्येष्ठा वाचली. आता आजेसासूबाईंच्या वेळची ज्येष्ठा शाडूची व नवी कनिष्ठा रेझिनची, अशा दोघी शेजारी उभ्या राहतात. दोघींना नेसविलेल्या साड्या म्हैसूर रेशमाच्या असतात.